सोमवारचा फोटो

नवऱ्याने घरी बसू नये, असं मावशीचं स्वच्छ मत होतं. म्हणजे दोन तास बसावं, चहा प्यावा, पेपर वाचावा. पण आठ-आठ महिने सलग बसू नये. माणूस बसला की त्याला कामं सुचतात, आणि ती नेमकी बायकोच्या कामात सुचतात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. इथे भिंतीला लावल्या असत्या तर मावशीने हू की चू केलं नसतं.

मावशी कपडे शिवायची. दुकानात ज्यांच्या मापाचं काही मिळत नाही अशा लोकांचे. कुणाचा एक हात आखूड, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणाची एक बाजू ऑपरेशनमध्ये गेलेली. गेली बावीस वर्षं मागच्या खोलीत बसून ती एकेका अंगाचा नमुना कॉम्प्युटरवर आखायची, मोठ्या प्रिंटरवर छापायची आणि त्या कागदावरून कापड कापायची. सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. तेव्हा आपणही मावशीच म्हणू.

नवरोबांनी तीस वर्षं एका विमा कंपनीच्या मशीनरूममध्ये काढली. थंडगार खोली, कपाटाएवढी मशीनं, आणि त्यांचं दुखलंखुपलं बघायला हे. आठ महिन्यांपूर्वी कंपनीने ती मशीनं काढून टाकली, काम बाहेरच्या कुणाला तरी दिलं आणि ह्यांना एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. पहिल्या महिन्यात ह्यांनी घड्याळ लावलं. दुसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, आणि मावशीला मीठ सापडायला तीन दिवस लागले. तिसऱ्या महिन्यापासून त्यांचं लक्ष मागच्या खोलीकडे वळलं.

तिथे लक्ष वळण्यासारखं होतं, हे कबूल करायला हवं. मावशीचा नमुने आखायचा प्रोग्राम फार जुना. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. तो चालायचा फक्त त्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर, आणि तोसुद्धा मागे एक निळी चावी खोचलेली असेल तरच. ही चावी म्हणजे बोटभर प्लॅस्टिकचा तुकडा. तो काढला की प्रोग्राम उघडायलाच तयार नाही. आणि तो कॉम्प्युटर आताशा दुपारी तापला की न सांगता बंद पडायचा. मावशी त्याच्या बाजूला पंखा लावून, मनातल्या मनात त्याला चुचकारत काम रेटत होती.

"तुझी वह्यांची पद्धत आधी सोड," नवरोबा म्हणायचे. कारण मावशी मापं आधी वहीत लिहायची, मग कॉम्प्युटरमध्ये भरायची. "दुप्पट काम. चुकायची दुप्पट संधी. सरळ मशीनमध्ये भरत जा. आणि हे धूड मी हलवतो."

हलवतो म्हणजे काय, ते एका मंगळवारी कळलं. ह्यांनी एक छोटासा कॉम्प्युटर आणला, जेवणाच्या डब्याएवढा, आणि तिच्या शिवणाच्या टेबलावर, कापायला काढलेल्या बाहीच्या बरोबर मधोमध ठेवला.

"ह्याच्यात एक मुख्य सिस्टिम टाकायची," ते म्हणाले, "आणि तिच्या पोटात चार कॉम्प्युटर चालवायचे. खरे नव्हेत, आभासी. पण त्यांना वाटतं आपण खरेच आहोत."

"मला एकच पाहिजे."

"एक तुझाच. तुझा म्हातारा जसाच्या तसा उचलून आत ठेवायचा. त्याला कळणारसुद्धा नाही आपण जागा बदलली ते."

"आणि बाकीचे तीन?"

"असू देत. लागतात."

"अहो, मला इथे एक खरा धड चालेना, आणि तुम्ही चार खोटे कुठे वाढवताय! उचला ते माझ्या बाहीवरून."

उचलला. पण त्याचबरोबर तिचा मॉनिटरही उचलला, कीबोर्डही उचलला. "पाच मिनिटं," म्हणाले. ह्या माणसाची पाच मिनिटं म्हणजे काय असतं, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं, तरी तिने नेऊ दिला. इथेच पहिली चूक झाली, आणि ती तिची स्वतःची होती.

त्या डब्यात आभासी कॉम्प्युटर चालवायची सोय कारखान्यातूनच बंद करून ठेवलेली निघाली. ती चालू करायची तर डबा सुरू होताना नेमक्या क्षणी नेमकं बटण दाबावं लागतं. कुठलं बटण, ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. तेव्हा एकाने डबा चालू करायचा आणि दुसऱ्याने बटण दाबायचं, अशी वाटणी झाली. मावशी तोंडात दोरा धरून जेवणाच्या टेबलाशी उभी.

"दाब! आत्ता! दाबलंस का? गेलं. परत."

"दाबलं की हो."

"उशिरा दाबलंस. आधीपासून दाबत राहायचं. थांब, हे नव्हे, वरच्या रांगेतलं. दाब! अगं दाब!"

सतरा वेळा. अठराव्या वेळी निळा पडदा आला तेव्हा नवरोबांनी टाळी वाजवली, आणि मावशीने तोंडातला दोरा काढून बघितलं तर तो चावून चावून तुटलेला होता.

पुढचे तीन दिवस पत्त्याने खाल्ले. घरातल्या जाळ्यात प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता द्यावा लागतो, आणि मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्या पत्त्यावर गेलं की आतला कारभार दिसतो. ह्यांनी पत्ता दिला. लॅपटॉपवर पान उघडेना. ह्यांनी वायर बदलली. राउटर बदलायला शेजारणीकडून तिचा मागून आणला, त्यामुळे शेजारीण दिवसभर दर तासाला दार वाजवून विचारत होती, झालं का. मग विजेला दोष देऊन झाला. मावशीला मॉनिटर नव्हता, म्हणून मावशी हाताने बटणांची काजं करत बसली होती आणि दाताखाली राग चावत होती. घोडं कुठे पेंड खातंय ते तिसऱ्या दिवशी जेवता जेवता ह्यांच्या लक्षात आलं. उष्ट्या हाताने उठले.

"अगं, मी पत्ता ऑफिसचा मारलाय!" बाहेरून हसत ओरडले. "तीस वर्षं तेच आकडे. बोटंच गेली तिकडे. घरचे आकडे वेगळे!"

ते हसत होते. मावशीला हसू आलं नाही. तीन दिवस गेले होते, आणि ताटातलं गार झालं होतं.

मग म्हाताऱ्या कॉम्प्युटरची सगळी डिस्क आत ओतायचा दिवस आला. अकरा तास. त्या अकरा तासांत इस्त्री लावायची नाही, शिलाई मशीन लावायचं नाही, मिक्सरचं नाव काढायचं नाही. न जाणो फ्यूज उडाला तर. मावशीने अकरा तास हाताने टाके घातले. ओतून झालं, आभासी म्हातारा सुरू झाला, आणि त्याला निळी चावी दिसेना. ती दिसावी म्हणून ह्यांनी डब्याची वायरी खोचायची सगळीच्या सगळी भोकं त्याच्या नावावर करून टाकली. त्याबरोबर कीबोर्डही त्याच्याच ताब्यात गेला, आणि डब्याशी बोलायला काही साधनच उरलं नाही. एक दिवस ते निस्तरण्यात गेला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो हा असा.

पण सोमवारी संध्याकाळी, खरं सांगायचं तर, चाललं. मागच्या खोलीत लॅपटॉपच्या पडद्यावर मावशीचा जुना प्रोग्राम उघडला, बावीस वर्षांची नावं खाली खाली सरकत गेली, प्रिंटरने एक बाही छापून दाखवली. आणि सगळं झपाझप. मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं की छान झालं हो. पण नवरोबा बोलत होते.

"अजून हात लावू नकोस. मला पक्कं करू दे. आता मी ह्याचा फोटो काढून ठेवतो."

"कसला फोटो?"

"आत्ता ह्या घडीला जसं आहे, तसं. नाव दिलंय बघ, 'सगळं ठीक'. उद्या काही बिघडलं ना, एक बटण दाबायचं, की परत सोमवार संध्याकाळ. बॅकअप शनिवारपासून लावतो, सगळं नीट बसलं की. तोवर निळी चावी परत जुन्याला लाव आणि त्याच्यावरच काम कर."

"बरं," मावशी म्हणाली.

मंगळवारी दुपारी म्हातारा बंद पडला. पुन्हा चालू झाला नाही. पंखा लावला, थापटला, चुचकारला, शिव्या दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी. आणि बुधवारी सकाळी दहाला ग्रंथपालबाईंची मुलगी येणार होती.

ह्या मुलीचं सांगायला हवं. तेराव्या वर्षी तिचा पाठीचा कणा वाकायला लागला. तेव्हापासून तिला इतक्या जणांनी इतक्या वेळा मोजलं होतं, डॉक्टरांनी, पट्टे बनवणाऱ्यांनी, व्यायाम शिकवणाऱ्यांनी, की टेप दिसली तरी ती ओठ मिटून घ्यायची. मावशीकडे ती सात वर्षं येत होती. आली की मावशी आधी आरशावर चादर टाकायची. मुलीला दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्या लागायच्या, डावा खांदा ते कंबर वेगळं, उजवा खांदा ते कंबर वेगळं. अशी अडतीस मापं. गेल्या वर्षी तिचं मोठं ऑपरेशन झालं, पाठीत सळ्या घातल्या. वाक बराच गेला, सगळा नाही. जुनी मापं सगळी बाद. पुढच्या शनिवारी पदवीदान होतं, आणि मुलीला आयुष्यात पहिल्यांदा अंगाबरोबर बसणारा ड्रेस घालायचा होता. ढगळ नको होता. तिने फोनवर तीनदा सांगितलं होतं, ढगळ नको.

आता मावशीने काय करावं? नवऱ्याला सांगावं की म्हातारा गेला, मला नवा लागतो, तर तो म्हणणार थांब, पक्कं व्हायचंय, आणि परत मॉनिटर उचलून नेणार. बुधवारी ते दातांच्या डॉक्टरकडे जाणार होतेच. तिने ताकास तूर लागू दिली नाही. निळी चावी गुपचूप परत डब्याला खोचली. मुलगी आली, चादर टाकली, दार लावलं, लॅपटॉप उघडला आणि नव्या डब्यातला प्रोग्राम सुरू केला. आणि इतकी वर्षं ऐकून ऐकून कान किटले होते म्हणून म्हणा, की प्रोग्राम खरोखरच झपाझप चालत होता म्हणून म्हणा, तिने ह्या वेळी वही काढली नाही. मापं घेत गेली आणि थेट मशीनमध्ये भरत गेली. नवऱ्याचं ऐकायचं तिने आयुष्यात एकदा ठरवलं, ते हे.

एक तास चाळीस मिनिटं मुलगी उभी होती. मधे एकदा तिचे डोळे भरले.

"झालंच हं," मावशी म्हणाली. "बाळा, आता तुझी हाडं बदलायची नाहीत. आज घेते ती शेवटची. ह्यापुढे मी तुला टेप लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावावी लागणार नाही. सगळं इथे राहील."

"नक्की?" मुलीने विचारलं.

"नक्की. शब्द देते."

गुरुवारी दिवसभर तिने नमुना आखला. शुक्रवारी सकाळी छापायला घेतला तर प्रिंटर दिसेना. यादीतच नाही. का गेला, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. तिने दोनदा शोधला, मग वैतागून हाक मारली.

"अहो! हा प्रिंटर दिसत नाहीये. सोमवारी तर दिसत होता!"

स्वयंपाकघरात चहा ओतत असलेल्या नवरोबांच्या चेहऱ्यावर काय आनंद पसरला असेल, तो तिला दिसला नाही, पण आवाजात ऐकू आला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी मशीन बिघडलं म्हणून हाक मारत होतं.

"सोमवारी दिसत होता ना? मग झालं तर! बस तू, उठू नकोस!"

ते जेवणाच्या टेबलाशी बसले, आपल्या पडद्यावर कारभार उघडला. 'सगळं ठीक' वर बोट ठेवलं. मशीनने विचारलं, आत्ताचं सगळं जाईल, खात्री आहे? त्यांना पूर्ण खात्री होती. बायकोने तर अजून हातसुद्धा लावलेला नव्हता. चार सेकंद लागली.

"बघ आता!"

मावशीच्या पडद्यावरचा नमुना गेला. पडदा काळा झाला, मग परत उजळला. प्रोग्राम उघडला. प्रिंटर यादीत आला, अगदी ठळक. नावं खाली खाली सरकत गेली आणि गेल्या महिन्यातल्या एका गिऱ्हाइकाशी येऊन थांबली. मुलगी नव्हती. मावशीने वर जाऊन पाहिलं, खाली जाऊन पाहिलं, वेगळ्या नावाने पाहिलं. बुधवार नव्हताच. गुरुवारही नव्हता.

"आला ना प्रिंटर?" दारात नवरोबा, हातात दोन कप.

"तुम्ही काय केलंत?"

"सोमवारवर नेलं. म्हटलं होतं ना, एक बटण."

"बुधवारी मी अडतीस मापं भरली होती ह्यात. काल दिवसभर नमुना आखला."

कप हातातच राहिले. "पण मी सांगितलं होतं, हात लावू नकोस म्हणून."

"म्हातारा मेला मंगळवारी! कशावर करायचं होतं काम, कपाळावर?"

"मग मला सांगायचंस!"

"तुम्ही विचारायचंत! बटण दाबायच्या आधी एक शब्द! 'अगं, तू काही केलंयस का ह्यात?' जीभ झिजली असती?" आणि मग तिचा बांध फुटला. डबे निघाले, मीठ निघालं, तुटलेला दोरा निघाला, अकरा तासांची इस्त्री निघाली. "आठ महिने घरात एक वस्तू जागेवर राहिलेली नाही. ज्याला त्याला हात लावायचा आणि म्हणायचं सुधारतोय. तुम्हाला ऑफिसने घरी पाठवलं ना, ते उगीच नाही पाठवलं!"

हे बोलून गेल्यावर तिला वाटलं, बोलायला नको होतं. पण राग इतका होता की परत घ्यायलाही जमेना. नवरोबांनी कप शिलाई मशीनवर ठेवले आणि बाहेर जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत ते त्या डब्याशी झटले. काही उरलं नव्हतं. बॅकअप शनिवारपासून लागणार होता, आणि हा शुक्रवार होता. मावशीने रिकाम्या अडतीस चौकटी उघडून आठवेल ते भरायला घेतलं. अकरा भरल्या. बाराव्याला तिची खात्री गेली, आणि मग आधीच्या अकरांचीही गेली. सरळ अंगाला अर्धा इंच इकडेतिकडे चालतो. ह्या मुलीला अर्ध्या इंचाने एक खांदा वर चढला असता, आणि सगळ्या सभागृहासमोर तेच दिसलं असतं जे तिला दिसायला नको होतं. मावशीने चौकटी पुसून टाकल्या. फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. काय सांगणार होती ती? शब्द दिला होता, दोन दिवस टिकला, असं?

"मी करतो फोन," नवरोबा दारातून म्हणाले.

"तुम्ही काय सांगणार?"

"झालं ते."

त्यांनी केला. मावशी ऐकत होती. त्यांनी मशीनचं काही सांगितलं नाही, नशिबाचं नाही, विजेचं नाही. "बाळा, मी मावशीचा नवरा. तुझी मापं माझ्या हातून पुसली गेली. परत मिळणार नाहीत. चूक माझी आहे, मावशीची नाही." मुलगी एवढंच म्हणाली, "उद्या दहाला येते," आणि फोन ठेवला.

शनिवारी ती आली ती वडिलांचा गुडघ्यापर्यंतचा कोट घालून. मावशीने आरशावर चादर आधीच टाकून ठेवली होती, वही-पेन्सिल काढून ठेवली होती. मुलगी खोलीच्या मधोमध उभी राहिली. कोटाचं एकही बटण तिने काढलं नाही.

"बाळा, मला माफ कर," मावशी म्हणाली.

"तुमचं काही नाही." तिने दाराकडे बघितलं. नवरोबा तिथे येऊन उभे होते. माफी मागायला आले असावेत. "काका, पुसलं तुम्ही ना?"

"हो. मीच."

"मग आधी तुमची घ्या."

"माझी काय?"

"मापं. शर्ट काढून. अडतीसच्या अडतीस. मी लिहिते."

मावशी म्हणाली, "अगं, हे काय भलतंच," पण मुलीने वही उचललीसुद्धा होती आणि कपडे ठेवायच्या स्टुलावर बसली होती. तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. नवरोबांनी मावशीकडे बघितलं. मग शरमेने लाल होऊन शर्टाची बटणं काढायला लागले. शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बनियनवर मधे येऊन उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

"पोट आत ओढू नका काका," मुलगी म्हणाली. "सगळे ओढतात. मग कपडा चुकतो."

त्यांनी पोट सोडलं. मावशीने टेप घेतली. मनात अजून राग होता. मान मोजली, खांदे मोजले, आकडे कोरडेपणाने सांगत गेली. डावा खांदा ते कंबर. उजवा खांदा ते कंबर. मुलगी लिहीत होती.

मग छाती. मावशीने टेप फिरवली, पुढे आणून जुळवली, आकडा बघितला. टेप पिळली असेल म्हणून काढून परत फिरवली.

"मावशी, किती?"

साडेएकोणचाळीस. ह्या माणसाची छाती बेचाळीस होती. बेचाळीस तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आली असती. गेल्या वर्षी तिने त्याच मापाचे चार शर्ट शिवले होते. ते हल्ली अंगावर लोंबायचे, हे तिने पाहिलं होतं. कापड धुवून सैल पडलं, असं तिला वाटलं होतं. दर आठवड्याला ती ते शर्ट धूत होती, इस्त्री करत होती आणि दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या देत होती. दुनियेची अंगं मोजणारी बाई, आणि रोज समोर जेवायला बसणारा माणूस अडीच इंच कमी झाला ते तिला आज, एका परक्या पोरीच्या हट्टापायी कळत होतं.

"साडेएकोणचाळीस," ती म्हणाली. तिने टेप सोडली नाही. "अहो, तुम्ही दुपारी जेवता ना? मी कामात असते तेव्हा?"

"जेवतो की," नवरोबा समोरच्या चादरीकडे बघत म्हणाले. मग म्हणाले, "कधी कधी राहून जातं. भूक नसते गं."

"केव्हापासून?"

बनियनखाली त्यांचा श्वास टेपला लागत होता, तिला बोटांना कळत होता. मुलीने एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"बास झालं मावशी," ती हळूच म्हणाली. "मी उगीच. राहू देत पुढची."

"नाही," मावशी म्हणाली. "सगळी घ्यायची. एकसुद्धा सोडायची नाही. लिही तू."

आणि तिने घेतली. दंड, कोपर, मनगट, कंबर. अडतीसच्या अडतीस, डावीकडची वेगळी, उजवीकडची वेगळी, एकेक आकडा मोठ्याने. नवरोबा सांगितलं तिकडे वळत राहिले, सांगितला तो हात वर करत राहिले. शेवटचं झाल्यावर त्यांनी शर्ट उचलला, मुलीला "येतो हं" म्हणाले आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

मुलगी उठली. वहीचं पान उलटून तिने वर आपलं नाव लिहिलं आणि वही मावशीच्या हातात दिली. मग कोटाची बटणं एकेक करून काढली.

"मावशी, माझ्या ड्रेसला अजून आठवडा आहे," ती म्हणाली. "काकांचा शर्ट आधी शिवा."